खासगी ठशाची चांदी

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘ठेवा’ हा विषय मुक्रर केला. ठेव्याचा विचार करू लागलेल्या माणसाचे मन प्रथम जमीनजुमला, सोनेनाणे आणि बँकेतील रोखे यांकडे धावते, तसे माझेही धावले. परंतु ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या मध्यमवर्गीय घरांतून दर दिवाळीला जो एक ठेवा निमूटपणे वाढत असतो, तो यांपैकी कोणत्याच सदरात नीट बसत नाही. धनत्रयोदशीला घरात येणारे, लक्ष्मीची छाप असलेले दहा ग्रॅम चांदीचे ते वाटोळे नाणे सरकारने पाडलेले नसते, बाजारात चालत नाही आणि अंगावरही घालता येत नाही; तरी त्याला सारे नाणेच म्हणतात, पूजेच्या तबकात त्याला मानाचे स्थान असते, आणि पूजा झाल्यावर ते कपाटातल्या डबीत आपल्या पूर्वसूरींच्या शेजारी जाऊन बसते. या डबीतील ऐवजाला धातूच्या वजनापलीकडे काही मोल आहे काय, असल्यास ते कोण ठरवितो, आणि याच जातीच्या दुसऱ्या एखाद्या क्षुद्र दिसणाऱ्या वस्तूला संग्राहक हसत हसत पैसे का मोजतो, हे पाहण्यासाठी मी बाहेर पडलो.

जांभळी नाक्यावरील दोन तबके

गौरी-गणपती उरकून पितृपक्ष लागला म्हणजे सराफांच्या पेढ्यांवर एक प्रकारची सक्तीची उसंत येते. त्या उसंतीत ठाण्याला जांभळी नाक्याजवळच्या एका जुन्या पेढीवर जाऊन बसलो, तेव्हा मालकांनी फारशी प्रस्तावना न करता दोन मखमली तबके पुढे सरकवली. पहिल्या तबकात नवी नाणी होती: लक्ष्मी, गणपती, दोघे मिळून, श्रीयंत्र, स्वामी समर्थ, आणि अलीकडे फार खपणारे, बारशाच्या अहेरासाठी काढलेले बाळाच्या पावलांचे, प्रत्येक नाणे प्लॅस्टिकच्या बंद पाकिटात, आणि प्रत्येकावर ९९९ हा शुद्धतेचा आकडा. दुसऱ्या तबकात ‘रुपये’ होते: राणीछाप, सातव्या एडवर्डच्या उघड्या डोक्याचे, पाचव्या जॉर्जच्या मुकुटाचे. मात्र या दुसऱ्या तबकातील निम्मेअधिक रुपये गेल्या काही वर्षांतच पाडलेले आहेत, हे मालकांनी आपणहून सांगितले. “पूजेला जुना रुपयाच हवा असा पुष्कळ घरांचा शिरस्ता आहे. जुने पुरणार कुठून? म्हणून जुने नव्याने पाडतात. आम्ही विचारणाऱ्याला सांगतो, न विचारणाऱ्याला वजन सांगतो.”

या वाक्यातील व्यापारी प्रामाणिकपणाची मर्यादा सोडून दिली, तरी त्यातील वजनाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. सरकारी टांकसाळीत पडलेला अस्सल रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम भरतो, आणि १९३९ सालापर्यंतच्या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे. म्हणजे त्यात निव्वळ चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. लक्ष्मीचे नवे दहा ग्रॅमचे नाणे कितीही शुद्ध असले तरी त्यात दहा ग्रॅमच्या वर चांदी असणे शक्यच नाही. म्हणजे ज्या रुपयाला गिऱ्हाईक ‘भेसळीचा’ म्हणून नाक मुरडते, त्यात नव्याहून अधिक चांदी असते. १९४० पासून हे प्रमाण निम्म्यावर आले आणि स्वातंत्र्याच्या सुमारास चांदी चलनातून हद्दपारच झाली, हे लक्षात ठेवून साल वाचणारा मनुष्य तबकासमोर सहसा फसत नाही. नव्याने पाडलेला ‘जुना’ रुपया तराजूत हलका भरतो, त्याच्या कडेचे दाते बोथट असतात, आणि बादशहाच्या दाढीचे केस वेगवेगळे न दिसता एकच गोळा दिसतो.

पुढे मालकांनी बिलाचा हिशेब मांडून दाखविला, तो कोणाही गृहिणीने डबीत नाण्याबरोबर ठेवावा असा आहे. सोयीसाठी चांदीचे मोल हजार रुपये धरले आणि घडणावळ शंभर, तर त्या अकराशेवर ३ टक्के जीएसटी मिळून ११३३ रुपये मोजावे लागतात. तेच नाणे दुसऱ्या दिवशी परत आणले तर घडणावळ गेली, कर गेला, आणि दुसऱ्या पेढीचे नाणे असेल तर टंच काढून वर दोन-तीन टक्के घट धरली जाते. हातात ९७० पडले तर दुकानदाराने सौजन्य दाखविले असे समजावे. दहा वर्षांनी तेच नाणे अनेकपट दराने विकले जाते तेव्हा नाण्याला मोल आले असा समज होतो. वस्तुतः मोल चांदीला आलेले असते, आणि किलोला लाखाच्या पलीकडे गेलेल्या चांदीच्या लाटेवर लक्ष्मी, गणपती आणि बाळाची पावले सारख्याच उंचीने तरंगत असतात. यांपैकी एकाही छापाला संग्राहक वजनाच्या वर एक रुपया देत नाही.

उलट त्याच दुसऱ्या तबकात १९११ सालचा जॉर्जचा रुपया निघाला, तर संग्राहक आसन सावरून बसतो. त्या वर्षीच्या ठशात बादशहाच्या झग्यावरील हत्ती असा काही कोरला गेला की, लोकांना तो डुकरासारखा दिसू लागला. मुसलमान प्रजेत कुजबुज सुरू झाली, सरकारने वाटप थांबवून बहुतेक साठा वितळवला आणि पुढील साली हत्तीची सोंड ठळक करून नवा ठसा काढला. बाहेर पडलेले थोडे रुपये तेवढे राहिले. ती दुर्मिळता कोणी योजलेली नव्हती.

ठसा, पत्रा आणि टिकल्या

ही नवी नाणी पडतात कोठे, हे पाहण्यासाठी कल्याणच्या जुन्या गावठाणात, पारनाक्याच्या बाजूच्या एका माडीवर गेलो. दोन खोल्या, खाली घर, वर कारखाना. पूर्वी येथे अंगठ्यांचे आणि देवाच्या टाकांचे काम चाले. आता वर्षातील चार महिने नाणी आणि उरलेले आठ महिने मिळेल ते. चांदीची लगड वितळवून तिचा पट्टा ओतायचा, तो रुळांतून ओढत ओढत हव्या जाडीचा पत्रा करायचा, पत्र्यातून टिकल्या कापायच्या, त्या तापवून मऊ करायच्या, तेजाबात धुऊन उजळायच्या, एकेक टिकली काट्यावर घालून जास्तीची चांदी कानशीने उतरवायची, आणि मग वरखाली दोन पोलादी ठसे व भोवती दात्यांचे कडे अशा कोंडीत बसवून दाबयंत्राचा एक दणका द्यायचा. दणका एकच; परंतु त्याआधीची सारी मेहनत टिकलीवरची. कारागीर म्हणाला, “छाप मशीन मारते. वजन माणूस मारतो.”

ठसा पूर्वी हाताने, उलटा, भिंगातून पाहत कोरीत. तसा कोरणारा आता दुर्मिळ. चित्र संगणकावर तयार होते आणि यंत्र ते पोलादात कोरून देते. परिणाम असा की मुंबईच्या काळबादेवीपासून कल्याणच्या या माडीपर्यंत लक्ष्मीचा चेहरा एकसारखा झाला आहे, कारण मूळ चित्र एकच, हातोहात फिरलेले. हाताने कोरलेल्या काही जुन्या ठशांच्या जोड्या त्याने फडक्यातून काढून दाखविल्या. त्यांतील एका गणपतीची सोंड उजवीकडे आणि मोदक मात्र डाव्या हातात होता, आणि मूषकाला कान कोरायचे राहिले होते. या ठशाची नाणी कोणी जपून ठेवली असतील काय, असे विचारता तो हसला. मोडीत आलेली त्याने स्वतःच वितळवली होती.

संग्रहमूल्याच्या शास्त्रात ही गोष्ट पहिल्या पाठाची आहे. दोन नाण्यांत भेद असेल तरच त्यांचा संग्रह करता येतो. जेथे सारे एकसारखे, तेथे फक्त साठा होतो.

सनद घेतलेल्या टांकसाळी

खासगी हातांनी नाणी पाडणे हा आपल्या मुलखात काही आजचा उद्योग नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९९ साली मराठी राज्यातील चलन आणि टांकसाळी यांवर मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला. पेशवे दप्तराच्या आधारे त्यांनी जे चित्र उभे केले ते आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. कारण राज्यसत्तेचे पहिले लक्षण मानलेला नाणी पाडण्याचा अधिकार मराठी राज्यात सर्रास मक्त्याने दिला जाई. नानासाहेब पेशव्यांच्या अमदानीत कोकणात नागोठण्यास व रेवदंड्यास तांब्याचे पैसे पाडण्याचा परवाना असाच खासगी व्यक्तींना दिला गेला. पैशाचे वजन माशांत ठरवून दिलेले, सरकारात भरावयाची रक्कम ठरवून दिलेली, आणि कस किंवा वजन उतरल्यास दंड. सोनार, कासार, सावकार असे लोक टांकसाळ चालवीत. पुढे चांदी-सोन्याच्या टांकसाळीही अशाच परवान्यांवर चालल्या. त्यामुळे दर चार मजलांवर रुपयाचे नाव बदले, बट्टा बदले, आणि पारख्याशिवाय व्यवहार अडे. सरकारी कचेरीत पोतदार हा अधिकारी असे तो याचसाठी की, भरण्यात आलेला प्रत्येक रुपया कोणत्या छापाचा, किती झिजलेला आणि किती बट्ट्याचा हे त्याने पारखावे.

रयतेच्या दृष्टीने ही व्यवस्था जाचक होती यात शंका नाही. रुपया घेऊन बाजारात जावे तो पंधरा आण्यांचा ठरावा, ही फसवणूक गरिबाचीच होते. परंतु ज्या अव्यवस्थेने तेव्हाचा शेतकरी गांजला, तिच्यावरच आजच्या संग्राहकाचा सारा आनंद उभा आहे. आणि हे मी डोंबिवलीस एका सेवानिवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याच्या घरी, रविवारच्या सकाळी, प्रत्यक्ष पाहिले.

फडके रोडच्या पाठीमागच्या गल्लीतील दोन खोल्यांच्या त्या घरात कॉटखालून ज्या चपट्या पेट्या निघाल्या, त्यांत केवळ शिवराया होत्या. शिवराई म्हणजे एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेला तांब्याचा पैसा; शिवछत्रपतींच्या काळापासून सुरू झालेला आणि पेशवाई बुडाल्यावरही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत खेड्यापाड्यांत चाललेला. उत्तरकाळातील बहुसंख्य शिवराया अशाच निरनिराळ्या टांकसाळींतून पडल्या, आणि ठसा कोरणाऱ्याच्या अक्षरज्ञानाप्रमाणे त्यांवरील मजकूर बदलत गेला. गृहस्थांनी एकेक पैसा भिंगाखाली धरून दाखविला. कोठे ‘शिव’चा ‘सिव’ झालेला, कोठे ‘सीव’; कोठे वेलांटी उलटी; कोठे अक्षरांच्या मध्ये चंद्रकोर, कोठे सूर्य, कोठे बेलाचे पान, कोठे नुसते ठिपके. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली ती दुदांडी. टिकलीपेक्षा ठसा मोठा असल्याने बहुतेक पैशांवर मजकुराचा अर्धाच भाग उमटलेला, त्यामुळे पूर्ण ‘श्री’ असलेला पैसा हाती लागणे हाच एक योग.

“साधी शिवराई शंभर-दोनशे रुपयांतही मिळते,” ते म्हणाले, “पण या चिन्हाची मला गेली कित्येक वर्षे दुसरी मिळालेली नाही.” बोट ज्या चिन्हावर होते ते मला प्रथम दिसलेच नाही, पैसा कलता धरल्यावर अक्षराच्या पोटात एक इवलीशी कट्यार प्रकट झाली. या घरातील संदर्भग्रंथ एकच होता: के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठी टांकसाळींवरील १९८९ सालचा ग्रंथ, जो नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेने काढला. त्याची पाने हाताळून हाताळून मऊ झाली होती, आणि समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा छापील मजकुराइतक्याच दाट होत्या.

पुतळ्यांचा नकली वंश

कल्याणात अद्याप काही वाडे उभे आहेत, आणि त्यांतील एका घरी मला पुतळ्यांची माळ पाहावयास मिळाली. पुतळी हा अलंकार मराठी घरांत इतका रुळला आहे की, तिचे मूळ परदेशी नाणे आहे याची आठवणही कोणास राहिलेली नाही. व्हेनिसच्या गणराज्याने १२८४ साली जे सोन्याचे नाणे सुरू केले आणि १७९७ साली ते राज्य बुडेपर्यंत साडेतीन ग्रॅमच्या आसपासच्या वजनाने, जवळजवळ शंभर नंबरी कसाने पाडीत ठेवले, ते तांबड्या समुद्राच्या मार्गाने आपल्या किनाऱ्यावर येत असे. त्याच्या एका बाजूस संत मार्क हे गुडघे टेकलेल्या राज्यप्रमुखाच्या हाती निशाण देत आहेत आणि दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या लंबवर्तुळात ख्रिस्त उभा आहे. आमच्या आज्यांनी त्या दोन आकृतींत राम आणि सीता पाहिली, आणि निशाणाच्या काठीबद्दल कोणी चौकशी केली नाही.

मागणी वाढली आणि व्हेनिसचा पुरवठा अपुरा पडू लागला, तेव्हा आमच्या सोनारांनी स्वतःच पुतळ्या पाडण्यास सुरुवात केली. लॅटिन येत नसल्यामुळे त्यांनी अक्षरे ऐकीव श्लोकासारखी उतरवली; प्रत्येक पिढीच्या ठशात ती आणखी बिघडत गेली, आणि शेवटी कडेने नुसत्या उभ्या रेघांची झालर उरली. कल्याणच्या त्या माळेत मी पाहिलेल्या पुतळ्यांपैकी काहींवर अक्षरे वाचता येत होती, काहींवर संतांच्या डोक्याचा एक ठिपका झाला होता, आणि एकीवर दोन्ही आकृतींना स्पष्ट नऊवारी लुगड्यासारख्या निऱ्या होत्या.

अस्सल व्हेनिसच्या नाण्याला सोन्याच्या भावाहून अधिक किंमत येते हे उघडच आहे. परंतु गेल्या काही दशकांत या देशी नकलांचाही स्वतंत्र संग्रह होऊ लागला आहे, आणि बिघडलेली नक्कल जितकी बेफाम तितकी ती संग्राहकास प्रिय. अडचण एवढीच की माळेत ओवण्यासाठी प्रत्येक पुतळीस कडी डाखलेली असते. नाणेवाला ती पाहून किंमत उतरवतो. घरच्या आजीबाईंनी हे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “कडी काढली तर ती गळ्यात कशी घालू?” संग्रहमूल्याच्या साऱ्या चर्चेला हे उत्तर पुरेसे होते, आणि मी पुढे काही बोललो नाही.

उपाहारगृहाचे पितळ

इंग्रजी अमलात १८३५ साली कंपनी सरकारने साऱ्या मुलखासाठी एकच नाणे ठरविले, आणि नंतर खासगी टांकसाळींचा धंदा हळूहळू बसला. तरी सुट्या नाण्यांची टंचाई जेथे तीव्र, तेथे लोक आपली सोय आपण करीतच. आसाम, कछार आणि सिल्हेट येथील चहामळ्यांचे मालक मजुरांना पगारादाखल स्वतःची तांब्यापितळेची टोकने देत. त्यांतील कित्येक बर्मिंगहॅमहून पाडून येत. मजूर ते टोकन मळ्याच्याच दुकानात खर्चू शके, म्हणजे पगार एका हाताने देऊन दुसऱ्याने परत घेण्याची ती युक्ती होती. १८८९ साली धातूच्या टोकनांविषयीचा कायदा झाला आणि पैसा म्हणून वापरण्याच्या हेतूने खासगी इसमाने धातूचा तुकडा काढणे हा गुन्हा ठरला. हा कायदा सव्वाशे वर्षांच्या आसपास टिकला. २०११च्या नाणेविषयक कायद्याने तो रद्द केला, परंतु त्यातील निषेध कायम ठेवला, शिक्षेसह. लक्ष्मीच्या नाण्यावर रुपयांचा आकडा कोठेही नसतो, त्याचे कारण हेच.

ठाणे जिल्ह्यात या कायद्याच्या कुंपणाआत राहून जे खासगी धातुकाम झाले, ते कारखान्यांच्या उपाहारगृहांत. शहाड-आंबिवलीच्या रेयॉनच्या गिरण्या, अंबरनाथचे कारखाने, ठाणे-बेलापूर पट्टा, वागळे इस्टेट: दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन-चार दशकांत या भागात लाखो कामगारांनी भोंग्यावर दिवस काढले, आणि त्यांतील पुष्कळांच्या खिशात एक पितळी बिल्ला असे. चहाचा वेगळा, जेवणाचा वेगळा. कधी गोल, कधी अष्टकोनी, अंधारातही बोटांना ओळखू यावा म्हणून मध्ये भोक पाडलेला. त्यावर कंपनीची आद्याक्षरे आणि एक क्रमांक, एवढाच मजकूर. पैसा नव्हे म्हणून कायद्याला हरकत नाही, आणि तरीही त्या भिंतींच्या आत तो पैशाचेच काम करी: उधार दिला जाई, पत्त्यांच्या डावात लावला जाई, आणि महिनाअखेरीस रोख देऊन विकतही घेतला जाई. हे मला शहाडच्या एका जुन्या कामगाराने सांगितले. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, हिशेब होता.

मोहोन्याची एनआरसी ही रेयॉनची गिरणी २००९ साली बंद पडली, इतर कित्येक कारखान्यांच्या जागी आज पंचवीस मजल्यांच्या इमारती आहेत, आणि भंगारवाल्याने नेलेल्या सामानाबरोबर हे बिल्लेही गोण्यांनी वितळले. कोणी ते जपण्यासाठी काढले नव्हते आणि कोणी ते जपलेही नाहीत. म्हणूनच आज डोंबिवलीच्या संग्राहकांत ओळखीच्या कारखान्याचा एक पितळी बिल्ला निघाला तर त्यावर बोली चढते. पितळ असेल दोन-चार रुपयांचे. दोन-तीनशे रुपये मी माझ्या डोळ्यांदेखत मोजलेले पाहिले, आणि घेणाऱ्याने तो घेताच उलटून क्रमांक वाचला, कारण त्याचे वडील त्याच कारखान्यात होते.

क्रमांक घातलेली दुर्मिळता

याच्या अगदी उलट टोकाला आजच्या ‘मर्यादित आवृत्ती’ आहेत. शिवराज्याभिषेकाच्या नावाने निघणारे होनाचे चांदीचे प्रतिरूप, मंदिराचा जीर्णोद्धार, एखाद्या क्रिकेट विजयाची स्मृती. मखमली पेटी, सहीचे प्रमाणपत्र, आणि पदकावर कोरलेला अनुक्रमांक. धातूच्या दीडपट-दुप्पट किंमत घेण्याचे समर्थन असे केले जाते की, एवढीच पाडली आणि ठसा मोडून टाकला. परंतु काढणारा एकटाच असला तरी काढावयाचे प्रसंग अनंत असतात, आणि घेणारा प्रत्येक जण ती पेटी जिवापाड जपतो. ज्या वस्तूचा एकही नग हरवत नाही तिची दुर्मिळता वाढणार कशी?

अमेरिकेत हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. जोसेफ सेगल यांनी १९६४ साली काढलेल्या फ्रँकलिन मिंट या खासगी टांकसाळीने पुढील दशकात चांदीच्या पदकांचे संचावर संच वर्गणीदारांना पाठविले. लोकांनी ते मुलाबाळांसाठी गुंतवणूक म्हणून घेतले. विकावयाची वेळ आली तेव्हा दलालांनी तराजू पुढे केला. आणि १९८०च्या जानेवारीत चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या घरात पोचली, तेव्हा असंख्य संच पेट्यांसकट आणून वितळवले गेले. आपल्याकडे मुंबईची सरकारी टांकसाळ स्मारक नाणी काढते, त्यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांवर राजमुद्रा असते आणि दर्शनी मूल्य असते, म्हणून त्यांना निदान नाणे म्हणवून घेण्याचा कायदेशीर हक्क आहे. भावाच्या बाबतीत मात्र तीही पुष्कळदा चढलेल्या किमतीवरून खाली उतरलेली मी ऐकली.

सन १८१८चा आणा

या व्यवहाराची एक काळी बाजूही आहे. ठाण्याच्या ज्या ज्या नाणेवाल्याशी मी बोललो, त्याने हातातील काम टाकून हीच हकिकत प्रथम सांगितली. आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी पदरात बांधून एक जाडजूड पितळी किंवा तांब्याचे नाणे आणतो. त्यावर हनुमान किंवा रामपंचायतन, मागे ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ साल, एक आणा, आणि यू. के. एल. अशी गूढ अक्षरे. आणणाऱ्याची खात्री असते की याला कोटी रुपये येतात. कंपनीने असे नाणे कधीही काढलेले नाही. यात्रेच्या ठिकाणी देवाचा टाक म्हणून विकण्यासाठी काढलेल्या रामटंक्यांच्या परंपरेचीच ही बिघडलेली संतती आहे. फरक एवढाच की रामटंका घेणारा पुण्य विकत घेई आणि हा मनुष्य सुटका विकत घेऊ पाहतो. या नाण्यात तांदूळ ओढण्याची दैवी शक्ती आहे असे सांगून लोकांना गंडा घालणाऱ्या टोळ्या वेळोवेळी पकडल्या गेल्या आहेत. आणि जुनी नाणी-नोटा विकत घेण्याच्या बहाण्याने आपल्या नावावर शुल्क उकळले जात असल्याचा जाहीर इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. नाणेवाल्यांचा अनुभव असा की खरे सांगितले तर आणणारा रागावतो, आणि याला नाण्यातले कळत नाही म्हणून पुढच्या दुकानी जातो.

पदके, आणि त्यांवरील नावे

पदकांविषयी लिहावयाचे शेवटी राखून ठेवले, कारण संग्राहक आणि सराफ यांच्या दृष्टींतील अंतर येथे सर्वांत रोकडे दिसते. जुन्या शाळांतून, व्यायामशाळांतून, वक्तृत्व सभांतून देणगीदारांच्या नावाने जी पदके दिली जात, ती गावचा सोनारच घडवी. सुवर्णपदक म्हणजे बहुधा चांदीवर सोन्याचा मुलामा. रौप्यपदक मात्र चांदीचेच. मागच्या बाजूस विद्यार्थ्याचे नाव, विषय आणि साल हाताने कोरलेले. १९३५ साली बादशहाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त शाळकरी मुलांना वाटलेली हलक्या धातूची पदकेही याच तबकात सापडतात, आणि टिळकांच्या व गांधींच्या छबीचे, कोटाला लावावयाचे बिल्लेही. ही सारी खासगी ठशांचीच निपज.

सराफ पदक हातात घेतो तेव्हा नाव कोरण्यात गेलेली चांदी मनातल्या मनात वजा करतो. संग्राहक प्रथम पाठ पाहतो. कोरे पदक त्याला नको असते. संस्कृत विषयात पहिली आलेली १९२० च्या दशकातील एखादी विद्यार्थिनी, तिच्या शाळेचे नाव, देणगीदाराचे नाव: एवढा मजकूर असला की ती वस्तू दप्तरातील अस्सल कागदाच्या पंक्तीला बसते. अशी पदके येतात मात्र चांदी चढल्यावर, आजोबांचे कपाट रिकामे करताना, इतर मोडीबरोबर पिशवीत. जांभळी नाक्याच्या मालकांनी सांगितले की पूर्वी ते अशी पदके बाजूला काढून ओळखीच्या संग्राहकांना कळवीत. आता मोड थेट यंत्राखाली कस पाहून गठ्ठ्याने शुद्धीकरणाला जाते, निवडत बसायला माणूस नाही.

डोंबिवलीचे ते शिवराईवाले गृहस्थ आता पदकेही घेऊ लागले आहेत. त्यांची पद्धत अशी की प्रत्येक वस्तू कागदाच्या छोट्या पाकिटात, आणि पाकिटावर ती कोणत्या गावी, कोणत्या तऱ्हेच्या माणसाकडून, कितीला मिळाली आणि त्याने तिच्याविषयी काय सांगितले, याची बारीक अक्षरांत नोंद. ही नोंद नसेल तर वस्तूचे अर्धे मोल गेले असे ते मानतात, आणि नोंद विकत मिळत नाही म्हणून विक्रेत्याला चहा पाजून बोलते करतात. निघताना मी माझ्या पिशवीतील, एका समारंभात मिळालेले क्रमांकित चांदीचे पदक त्यांच्यापुढे ठेवून किंमत विचारली. त्यांनी पेटी उघडली, प्रमाणपत्र वाचले, पदक काट्यावर ठेवले आणि त्या दिवसाचा चांदीचा भाव मला विचारला.